सी८६ची आठवण काढताना अर्धी कॅसेट कुठे जाते?

उलटी_बाजू
'एनएमई' या ब्रिटिश साप्ताहिकाने १९८६ साली टपालाने विकलेली २२ गाण्यांची कॅसेट म्हणजे सी८६. चाहते तिचं वर्णन करतात ते असं: किणकिणती गिटार, लाजरा गायक, दोन मिनिटांत खेळ खलास. हे प्रायमल स्क्रीम, पेस्टल्स, शॉप असिस्टंट्स या बँडना लागू पडतं. पण त्याच कॅसेटवरच्या बॉगशेड, स्टम्प, बिग फ्लेम यांचं काय? अडखळता ताल, कानात खुपणारी गिटार. त्यांना गाळून उरेल ते 'क्लासिक इंडी पॉप', ही सोयीची आठवण झाली. मुळात 'इंडी' (इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र) हा आवाजाचा प्रकारच नव्हता. १९८० पासूनच्या इंडी चार्टला अट होती ती वितरणाची: रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या साखळीबाहेरून दुकानात यायला हवी. म्हणून तर १९८८ मध्ये पॉपस्टार कायली मिनोगही त्या चार्टात होती!

सात_इंची
असहमत. लोक हळवे होतात ते कॅसेटसाठी नाही, आसपासच्या सात इंची रेकॉर्डसाठी (एकदोन गाण्यांच्या छोट्या तबकड्या). ब्रिस्टलचं सारा रेकॉर्ड्स हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी (१९८७–९५) बघा. घडीचं कागदी कव्हर, प्लास्टिकची पिशवी, आत पोस्टर. त्यांच्या यादीतला ५० नंबर तर रेकॉर्डच नव्हे, बोर्ड गेम. १०० नंबर गाठला आणि लेबल बंद केलं. बॉगशेडला कुणी गाळलेलं नाही, तो या घरचा नव्हताच.

बारा_तारा
+१. आणि किणकिण म्हणजे पोरखेळ नव्हे. रिकनबॅकर कंपनीच्या बारातारीत (जोडीजोडीने बारा तारा असलेली गिटार) खाली स्ट्रोक मारला की जोडीतली जाड तार आधी लागते, बारीक नंतर. इतर बहुतेक बारातारींत उलट. त्यामुळे सूर ठाम राहतो, चमक मागून येते. पुढे कंप्रेसर (आवाजाचा चढउतार सपाट करणारं यंत्र), अँप्लिफायर स्वच्छ. नवे बँड गेन (आवाज फाटेल इतका जोर) चढवतात आणि कॉर्डचा चिखल करतात.
बाकी सी८६चा २०१४ मध्ये चेरी रेड या लेबलने काढलेला तीन सीडींचा संच कर्कश आहे. कॅसेटचा मऊपणा त्यात नाही.

उलटी_बाजू
तो मऊपणा बँडचा नाही हो, डेकचा (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचा) आहे! टेप वाचणाऱ्या हेडचा कोन (अझिमथ) जरा हलला की आधी ट्रेबल (उंच, तीक्ष्ण सूर) मरतो. डॉल्बी (टेपची सळसळ कमी करणारी सोय) बंद करा, आउटपुट मोनो करा (दोन्ही चॅनल एकत्र), हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवा. झांजा सर्वांत लख्ख वाजतील तिथे थांबा. मोनो अशासाठी, की कोन चुकला तर दोन्ही चॅनल मागेपुढे होऊन एकमेकांना खोडतात आणि चूक लगेच कळते. कॅसेट बदलली की पुन्हा तपासायचं. डॉल्बीविना भरलेली टेप डॉल्बी बी (डॉल्बीचा एक प्रकार) लावून वाजवली तरी असाच 'मऊपणा' मिळतो.
आणि सात_इंची, १९८६ च्या कॅसेटचं नाव १९८७ च्या लेबलला लावायचं, वर कॅसेटवरच्याच बॉगशेडला परका म्हणायचं, हे काही पटत नाही.

सात_इंची
एका कॅसेटवर आले म्हणून एका घरचे होत नाहीत. निवड साप्ताहिकाची होती, बँडची नव्हे.