उबंटू काढलं, पण बूटच्या यादीतून त्याचं नाव जात नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आणि उबंटू (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टीम) दोन्ही होते. आता तो धाकट्या बहिणीला द्यायचाय, पुढच्या आठवड्यात ती होस्टेलला जातेय. तिला उबंटू लागणार नाही, म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचं पार्टिशन उडवलं.

तेव्हापासून लॅपटॉप सुरू केला की काळ्या स्क्रीनवर नुसतं 'ग्रब' (उबंटूचा बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) येतं आणि कर्सर लुकलुकत बसतो. तिथे 'एक्झिट' टाइप करून एंटर मारलं की विंडोज नीट उघडतं, डेटा शाबूत आहे. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) विंडोज बूट मॅनेजर वर आणला, तर काही दिवस ठीक चाललं. मग बायोसचा अपडेट झाला आणि उबंटू पुन्हा पहिल्या नंबरावर! मला एकट्याला वापरायचा असता तर चालवून घेतलं असतं. पण परीक्षेच्या आदल्या रात्री तिच्यासमोर ही काळी स्क्रीन आली तर ती पार घाबरून जाईल.

एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग्जच्या टूलच्या बूट टॅबमध्ये फक्त विंडोज ११ दिसतं. मग हे नाव येतं कुठून? 'ईएफआय पार्टिशन (डिस्कवरचा बूटच्या फाइलींचा छोटा भाग) फॉरमॅट करा' असं एकाने सुचवलं, पण हात धजावला नाही. शिवाय ड्राइव्हला बिटलॉकर (डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) आहे, तो मध्येच अडवेल का?

प्रतिसाद

फॉरमॅट केलं नाहीत ते फार बरं झालं. विंडोजचा बूटलोडरही त्याच पार्टिशनमध्ये असतो.

एमएसकॉन्फिग फक्त विंडोजची स्वतःची यादी दाखवतं. उबंटूची नोंद मदरबोर्डवरच्या मेमरीत आहे आणि ग्रबच्या फाइली ईएफआय पार्टिशनमध्ये. दोन्ही काढा.

आधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर 'सस्पेंड' (तात्पुरता बंद) करा. बूटचा क्रम बदलला की तो की मागू शकतो.

मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. पॉवरशेल नको, तिथे महिरपी कंसाचा अर्थ वेगळा लागतो. 'बीसीडीएडिट /एनम फर्मवेअर' ही कमांड (अर्थात इंग्रजी अक्षरांत) द्या. ज्या नोंदीच्या वर्णनात उबंटू आणि पाथमध्ये 'शिमएक्स६४' दिसेल, तिचाच आयडेंटिफायर कंसासकट कॉपी करून 'बीसीडीएडिट /डिलीट' पुढे चिकटवा. दोनदा वाचून मगच एंटर.

आता फाइली. 'माउंटव्हॉल एस: /एस' दिलं की ईएफआय पार्टिशनला एस हे अक्षर मिळतं. त्यातल्या ईएफआय फोल्डरमधलं फक्त 'उबंटू' हे फोल्डर 'आरडी /एस' ने उडवा. शेजारच्या 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' ला हात लावू नका. ही पायरी टाळू नका: उबंटू आपल्या फोल्डरमध्ये एक छोटी सीएसव्ही फाइल ठेवतं आणि 'बूट' मधला फॉलबॅक प्रोग्राम ती वाचून पुसलेली नोंद परत तयार करू शकतो. शेवटी 'माउंटव्हॉल एस: /डी' ने अक्षर काढून टाका.

धागाकर्ता

झालं! माझ्याकडे उबंटूच्या दोन नोंदी निघाल्या, जुन्या इन्स्टॉलची एक राहून गेली होती. दोन्ही पुसल्या, फोल्डरही उडवलं. एफ१२ दाबल्यावर येणाऱ्या बूटच्या यादीत आता फक्त विंडोज बूट मॅनेजर आहे. बिटलॉकर पुन्हा चालू केला, की मागितली नाही. रिकव्हरी कीचा कागद बहिणीच्या फाइलमध्ये ठेवलाय आणि तिच्याच हाताने लॅपटॉप पाच वेळा बंद-चालू करून घेतला. मनापासून आभार.