कुत्र्याची रेबीज टायटर चाचणी: रक्त कधी काढायचं, ट्यूब कोणती?

मांजरपाट:
युरोपीय संघाच्या रेबीजविषयक यादीत नसलेल्या देशातून कुत्रा संघात न्यायचा आहे. चिप आधी, मग लस, हा क्रम बरोबर झालाय. टायटरसाठी, म्हणजे रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) किती आहेत ते मोजायला, रक्त कधी द्यावं? दवाखान्यातलं एलायझा किट चालेल का?

सीरमसाहेब:
किटवर भिस्त ठेवू नका. एलायझात फक्त चिकटणारी प्रतिपिंडं दिसतात, ती विषाणूला निकामी करतात की नाही हे कळत नाही. एफएव्हीएन किंवा आरएफएफआयटी या चाचण्या मागा, त्यांत नेमकं तेच तपासतात. दोन्हींत सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) टप्प्याटप्प्याने पातळ करून त्यात जिवंत विषाणू मिसळतात, पेशींवर वाढवतात आणि संसर्ग झालेल्या किती पेशी चमकतात ते पाहतात. उत्तीर्ण व्हायला मिलिलिटरमागे किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक हवं. प्रयोगशाळाही संघाची मान्यताप्राप्तच हवी.

लस दिल्यावर किमान 30 दिवसांनी रक्त काढा. पण फार लांबवूही नका. पहिल्याच लसीनंतर टायटर महिनाभराच्या आसपास शिखरावर असतं, मग घसरतं. रक्त काढल्यापासून प्रवासाला 3 महिने थांबावं लागतं. (जपानला तर 180 दिवस!) नापास झालात तर बूस्टर, पुन्हा 30 दिवस, पुन्हा 3 महिने.

गाळणी:
ट्यूब साधी किंवा जेलवाली, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नको. रक्त गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करा, सीरम वेगळ्या नळीत घ्या. न वेगळं केलेलं रक्त फ्रीझरमध्ये गेलं की संपलं: तांबड्या पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि चाचणीतल्या पेशीच मरतात. मग वाचायला काही उरत नाही. बारीक सुईने जोरात ओढलं तरी हेच. खाऊन आलेल्या कुत्र्याचं दुधाळ सीरमही त्रास देतं, म्हणून उपाशीपोटी न्या.

आणि रक्त काढण्याआधी स्कॅनरने चिप वाचाच. फॉर्मवर चिपच्या 15 आकड्यांपैकी एक चुकला की अहवाल कुत्र्याचा राहत नाही.

मांजरपाट:
पास झालं तर दरवर्षी पुन्हा?

सीरमसाहेब:
बूस्टर आधीच्या लसीची मुदत संपण्यापूर्वी पडत राहिला तर नाही. एक दिवस चुकला तर पुन्हा लस आणि टायटर.

गाळणी:
घरच्यांसाठी एक. आधी लस घेतलेल्या माणसाला चावा बसला तर टायटरच्या अहवालाची वाट पाहू नका. जखम 15 मिनिटं साबण-पाण्याने धुवा, लगेच लसीचा एक डोस आणि तीन दिवसांनी दुसरा. इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही.