अनुभव धागा: दुसरी कधी भेटली?

६ जानेवारीला पत्रकार दिनाचे हारतुरे होतात. ८ मार्चला 'आजचा अंक महिला टीमने काढला' अशी चौकट पहिल्या पानावर येते. ९ मार्चच्या सकाळच्या बैठकीत पुन्हा तीच मंडळी बसलेली असतात आणि कोपऱ्यात एखादी बाई, बहुतेक पुरवणीची.

माध्यमांतल्या बायकांच्या एकेकटीच्या धाडसाच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचल्या. या धाग्यात त्या नकोत. तुमच्यासारखी दुसरी बाई कधी भेटली, दोघी-तिघींनी किंवा दहाजणींनी मिळून काय केलं, आणि फिसकटलं असेल तर कशाने, ते लिहा. भांडण पगाराचं, रात्रपाळीचं, छळाचं असो की बातमी कशी लिहावी याचं असो. माझ्या मते ही दोन वेगळी भांडणं नाहीत, पण ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.

स्वतःचं नाव, संस्था लिहू नका. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांचीही नावं इथे नकोत. जे आधीच जाहीर झालेलं आहे त्याबद्दल खुशाल नावानिशी बोला.

मुंबई, आता निवृत्त

जुन्या माणसाने सुरुवात केलेली बरी. ऐंशीच्या दशकात बॉम्बे युनियन ऑफ जर्नलिस्ट्समध्ये महिला आणि माध्यम समिती होती. सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानातल्या देवराळा गावी रूपकुंवर पतीच्या चितेवर जळाली. या समितीच्या वतीने गीता सेशू, मीना मेनन आणि सुजाता आनंदन यांनी त्या प्रकरणाचा शोध घेऊन अहवाल लिहिला. देशभर 'श्रद्धा की खून' असा वाद रंगलेला असताना, काही वर्तमानपत्रं सतीचा कैवार घेत असताना, पत्रकारांच्या युनियनमधल्या बायका जाऊन विचारपूस करून आल्या, हे आम्हाला फार मोठं वाटलं होतं. तोवर युनियन म्हणजे वेतन आयोग आणि संप, एवढंच आम्हाला ठाऊक.

त्याच्याही मागे मथुरा नावाच्या मुलीचं प्रकरण आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. त्यावरून देशभर चळवळ उठली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं २२८-अ हे कलम त्याच दुरुस्तीतलं. आज क्राइम बीटवरची मुलगी डेस्कवर 'नाव जाणार नाही' म्हणून अडून बसते, तेव्हा तिच्या पाठीशी आजच्या गडचिरोली जिल्ह्यातली ती मुलगी असते. नव्या मुलींना हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

जानेवारी २००२ मध्ये दिल्लीत 'नेटवर्क ऑफ विमेन इन मीडिया, इंडिया' सुरू झालं. अम्मू जोसेफ, कल्पना शर्मा यांच्यासारख्या पत्रकार त्यात होत्या. तेव्हा मी डेस्कवर होते आणि मुलाची दहावी होती, त्यामुळे गेले नाही. पण गेलेल्या मैत्रिणीने परत आल्यावर कँटीनमध्ये आम्हाला बसवून सगळं सांगितलं. आमच्या मजल्यावरच्या बायका पहिल्यांदा एका टेबलाशी बसल्या त्या तेव्हा. त्याआधी आम्ही एकमेकींना पाळ्या बदलून देण्यापुरत्याच ओळखत होतो.

जिल्हा डेस्क, मराठवाडा

वरच्या काकूंनी २२८-अ काढलंच आहे तर आमचं ऐका. (आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे.)

तालुक्याची बातमी रात्री साडेआठला येते. मुलीचं नाव नसतं. पण गाव असतं, वस्ती असते, बाप कुणाकडे सालगडी आहे ते असतं, मुलगी कोणत्या शाळेत नववीत आहे तेही असतं. एवढ्याशा गावात यानंतर नाव छापलं काय आणि न छापलं काय. मी एकटी असताना कापायचे, तर मुख्य उपसंपादक म्हणायचे, "पोलिसांनी दिलंय, तुम्ही कोण कापणार?" मग रात्रपाळीला दुसरी आली. आम्ही दोघींनी मिळून एक कागद तयार केला: बलात्काराच्या बातमीत काय जाणार नाही. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचं कलम २३. निपुण सक्सेना प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल, की ओळख पटू शकेल असा दूरचा तपशीलही द्यायचा नाही. आणि जम्मूजवळच्या कठुआत बलात्कार करून मारलेल्या बालिकेचं नाव-फोटो दिल्याबद्दल त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते, ते.

पहिले दोन मुद्दे कुणी वाचले नाहीत. १० लाखांचा आकडा वाचल्यावर व्यवस्थापनाने कागद लॅमिनेट करून दिला. असो, लागला तर खरा.

तालुक्याचे वार्ताहर चिडले. "मग बातमीत राहिलं काय?" आम्ही म्हटलं, फिर्याद घ्यायला पोलिसांनी किती तास लावले ते विचारा, वैद्यकीय तपासणी कधी झाली ते विचारा. दोघे-तिघे खरंच विचारू लागले. एकाची बातमी त्यामुळे पहिल्या पानावर गेली.

तालुका प्रतिनिधी, विदर्भ

तुमचं सगळ्यांचं डेस्क आहे, कँटीन आहे. माझ्याकडे ओळखपत्र आहे, ज्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं आहे की हा इसम आमचा कर्मचारी नाही. 'इसम' म्हणजे मी. पगार नाही. जाहिरात आणली तर कमिशन. दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं टार्गेट मात्र पुरुषांइतकंच.

दुसरी मला तहसील कार्यालयात भेटली, आमच्या प्रतिस्पर्धी पेपरची. एकमेकींच्या बातम्या चोरू नये म्हणून आधी आम्ही बोलतच नव्हतो. मग तिला तिच्या वरिष्ठाचे रात्रीचे फोन सुरू झाले. काय बोलायचा ते लिहीत नाही. तिच्या ऑफिसने सांगितलं, तू आमची कर्मचारी नाहीस, मग तक्रार कशाची?

आम्ही दोघींनी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मोबाइलवर उघडून बसून वाचला. त्यात कंत्राटी, हंगामी, रोजंदारी, एवढंच काय बिनपगारी काम करणारीही कर्मचारीच आहे. कामासाठी जिथे जावं लागतं ती जागाही कामाचंच ठिकाण. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकावरच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत द्यायची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. कलेक्टर ऑफिसात ही समिती कुठे बसते हे शिपायापासून नायब तहसीलदारापर्यंत कुणाला सांगता येईना. शेवटी महिला व बालविकासच्या एका बाईंनी अर्ज घेतला.

चौकशी झाली. तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यात गेला, बढतीवर. मैत्रिणीने पत्रकारिता सोडली, आता सेतू केंद्र चालवते आणि माझ्यापेक्षा बरं कमावते. आता याला जमलं म्हणायचं की फिसकटलं, तुम्हीच ठरवा.

आणखी एक. मोठ्या शहरांतून निघणारी इंग्रजी निवेदनं मी वाचते. चांगली असतात. त्यांत माझ्यासारखीची सही मागायला कुणी फोन केलेला मला आठवत नाही.

*(धागाकर्ती: हे नोंदवलं. यावर चिडून उत्तरं देण्याआधी शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं ही विनंती.)*

छायाचित्रकार, मुंबई

२२ ऑगस्ट २०१३, मुंबईतली बंद पडलेली शक्ती मिल. आमच्याच व्यवसायातल्या मुलीवर, कामावर असताना, सामूहिक बलात्कार. तिने तक्रार केल्यानंतर त्याच जागी जुलैमध्ये अत्याचार झालेली टेलिफोन ऑपरेटर पुढे आली. तुमच्या धाग्याचा प्रश्न वाचला आणि मला आधी तीच आठवली.

त्यानंतर ऑफिसांमध्ये काय झालं ते कमी लिहिलं गेलं. आम्हाला असाइनमेंट मिळेनात. "तुझ्या काळजीपोटी." महिला पत्रकारांनी निर्जन ठिकाणी पोलीस संरक्षण घ्यावं, अशीही भाषा झाली. पोलिसाला बरोबर घेऊन गेल्यावर कोण बोलणार आपल्याशी? आम्ही पाच-सहा फोटोग्राफर, वेगवेगळ्या पेपरच्या, मुंबई मराठी पत्रकार संघाजवळच्या चहाच्या टपरीवर जमायचो. तिथे मागण्या ठरल्या: जोखमीच्या ठिकाणी दोघांची टीम पाठवा, मग पुरुष असो की बाई, रात्री ऑफिसची गाडी द्या, आणि नकार देण्याचा हक्क आम्हाला हवा, आमच्या वतीने नकार द्यायचा हक्क तुम्हाला नको. गाडी मिळाली. दोघांची टीम काही महिने टिकली. तिसऱ्या मागणीवर आजही वाद होतात.

टीव्ही, मुंबई

नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयात संभाजी भिडे यांनी एका महिला पत्रकाराला 'आधी टिकली लाव, मग बोलतो' असं सुनावलं. राज्य महिला आयोगाने नोटीस काढली, चर्चा झाली, पॅनेलवर दोन्ही बाजूंचे प्रवक्ते भांडले. आमच्या बीटवरच्या ग्रुपवर वेगळाच मुद्दा निघाला. एकीला असं झिडकारलं तर बाजूला उभे असलेले बाकीचे बूम, म्हणजे चॅनेलांचे माइक, तसेच पुढे का राहतात?

आम्ही सातजणींनी ठरवलं, आणि मग बीटवरच्या पुरुषांनाही विचारलं: कुणाही सहकाऱ्याला बाई म्हणून अपमानित केलं, तर त्या माणसाचा त्या दिवशीचा बाइट (कॅमेऱ्यापुढची प्रतिक्रिया) कुणीच घ्यायचा नाही. बहुतेक 'हो हो' म्हणाले. पुढे एका आमदाराच्या बाबतीत वेळ आली तेव्हा सगळे मिळून चार बूम मागे आले. बाकीच्यांनी बाइट घेतला, कारण 'ऑफिस विचारेल'.

(पुरुष, त्याच बीटवरचा)

मी लिहिलेलं चालेल का माहीत नाही. त्या चार बूममध्ये माझा होता. रात्री डेस्ककडून शिव्या खाल्ल्या, दुसऱ्या चॅनेलवर तो बाइट दिवसभर चालला. तुमच्यापैकी कुणी त्याबद्दल माझं कौतुक केलं नाही ते बरंच झालं. फक्त पुढच्या वेळी संपादकांनाही ग्रुपमध्ये घ्या. बूम आमच्या हातात असतो, रनडाऊन, म्हणजे बातमीपत्रात काय जाणार त्याची यादी, नसतो.

दिल्ली, मूळची सांगलीची

बूमवरून लगेच आठवलं. १० ऑक्टोबर २०२५ रोजी अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी यांनी दिल्लीतल्या दूतावासात पत्रकार परिषद घेतली आणि महिला पत्रकारांना आत घेतलं नाही. आमच्या राजधानीत! इंडियन विमेन्स प्रेस कोअर या महिला पत्रकारांच्या संघटनेने आणि एडिटर्स गिल्डने निषेध केला. पुरुष पत्रकारांनी उठून जायला हवं होतं, असं काँग्रेस नेते चिदंबरम जाहीरपणे म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा पत्रकार परिषद झाली, तिला बायकांना बोलावलं आणि त्या पहिल्या रांगेत बसल्या. अफगाण मुलींच्या शाळांबद्दल विचारलं गेलं.

प्रेस कोअर १९९४ ची. विंडसर प्लेसच्या तिच्या बंगल्यात मी पहिल्यांदा गेले ती फक्त जेवायला. दिल्लीत एकट्या बाईला बसून कॉपी लिहायला, अंघोळ करायला, पत्रकार मैत्रिणीची वाट बघायला जागा लागते, हे मुंबईकरांना लवकर कळणार नाही. निषेधाचं पत्रक दोन तासांत निघतं ते अशी जागा आधीपासून असते म्हणून. विदर्भातल्या ताईंचं म्हणणं म्हणूनच मला पटतं. तालुक्याला ती जागा कोण देणार?

गोवा

मी म्हापशाच्या कोर्टाबाहेर उभी होते तो दिवस २१ मे २०२१, 'तहलका'चे माजी संपादक तरुण तेजपाल यांच्यावरच्या बलात्काराच्या खटल्याचा निकाल. निर्दोष सुटका. तक्रारदार सहकारी तरुणीने घटनेनंतर कसं वागायला हवं होतं यावर निकालपत्रात पानंच्या पानं. राज्य सरकार अपिलात गेलं, आणि उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिची ओळख पटेल असे उल्लेख झाकल्याशिवाय निकालपत्र वेबसाइटवर टाकू नका.

निकालपत्राची प्रत मात्र त्याआधीच फोनाफोनी फिरत होती. माझ्याकडेही आली. आम्ही तिघी, दोन मराठी पेपरच्या आणि एक इंग्रजीची, फोनवर बोललो: निकालावर लिहायचं, टीका करायची, पण तिच्या खासगी आयुष्याचा एकही परिच्छेद उचलायचा नाही. तिघींच्याही बातम्या त्यामुळे इतरांपेक्षा लहान झाल्या. एकीला विचारणा झाली की 'त्यांच्याकडे आहे ते आपल्याकडे का नाही?' तिने उच्च न्यायालयाचा आदेश पुढे ठेवला.

पुणे, पूर्वी इंग्रजी वृत्तपत्रात

२०१८ चा ऑक्टोबर, 'मी टू'चे दिवस. मी कुणाचं नाव घेतलं नाही, घेणारही नाही. पण छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणींवर तेव्हाचे केंद्रीय मंत्री आणि एकेकाळचे संपादक एम. जे. अकबर यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरल्यावर त्यांच्या 'द एशियन एज'मध्ये काम केलेल्या जवळपास वीसजणींनी एकत्र निवेदन काढलं, की आम्हालाही साक्षीला बोलवा. दुसऱ्या दिवशी अकबर यांनी मंत्रिपद सोडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये रमाणी निर्दोष सुटल्या. दशकं उलटली तरी बाई आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर मांडू शकते, असं न्यायालय म्हणालं.

ते निवेदन वाचून मी माझ्या जुन्या ऑफिसमधल्या एकीला फोन केला. "तुलाही?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "आणि अजून दोघींना." आम्ही चौघी दर दोन-तीन महिन्यांनी भेटतो. तक्रार केलेली नाही. हे संघटन नव्हे असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही, पण भेटणं थांबवणारही नाही.

स्वतंत्र व्हिडिओ पत्रकार, नाशिक

माझं अगदी ताजं आहे आणि त्यात कोर्टबिर्ट नाही. आम्ही नऊजणी वेगवेगळ्या पोर्टलना व्हिडिओ स्टोऱ्या देतो. कांदा, द्राक्षं, टँकर, आदिवासी आश्रमशाळा. एका लग्नात दोघी भेटलो, गप्पांत दर निघाला आणि कळलं की एकच पोर्टल एकाच लांबीच्या स्टोरीला तिला वेगळे पैसे देतं, मला वेगळे. एका मित्राला विचारलं तर त्याला दोघींपेक्षा जास्त.

आता आमच्याकडे एक एक्सेल शीट आहे. कोण किती देतं, किती दिवसांनी देतं, प्रवासखर्च देतं का, शूट रात्रीचं असेल तर मुक्कामाची सोय करतं का. आणि एक रकाना नंतर वाढवला: मुलांचे चेहरे ब्लर न करता चालवले का. आश्रमशाळेच्या स्टोरीत एकदा तसं झालं होतं, सांगूनही. त्या पोर्टलला आता आमच्यापैकी कुणी मुलांची स्टोरी देत नाही.

गेल्या महिन्यात नऊजणींनी सगळीकडे एकच दर कळवला. एकाने आमचं काम बंद केलं. दोघांनी मान्य केलं. बाकीच्यांनी 'कळवतो' म्हटलंय, त्यांतल्या एकाने माझ्या चुलतबहिणीला, जी अजून शिकतेय, निम्म्या दरात विचारलं. तिने शीटची लिंक मागितली आहे.