मदत हवी आहे: उंदरांची वाढ झिंक नसल्यामुळे खुंटली की कमी खाल्ल्यामुळे?

नमस्कार. प्रबंधाचं काम निम्म्यावर आलंय आणि मी एका जागी पार अडकले आहे. प्राण्यांच्या आहारावर काम केलेल्यांनी कृपया वाचा.

दूध सुटलेली 21 दिवसांची नर पिल्लं घेतली, प्रत्येक वेगळ्या पिंजऱ्यात. पहिल्या गटाच्या खाद्यात प्रथिनं अंड्याच्या पांढऱ्या बलकाची आणि झिंक किलोमागे 1 मिलिग्रॅमपेक्षा कमी. (पांढऱ्या बलकातलं अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं, म्हणून बायोटिन जादा घातलंय. तिथे चूक नाही.) दुसऱ्या गटाला तेच खाद्य, पण किलोमागे 30 मिलिग्रॅम झिंक घालून, हवं तेवढं. तिसरा गट पेअर-फेड: खाद्य झिंकवालं, पण काल पहिल्या गटातल्या जोडीदाराने जेवढं खाल्लं तेवढंच आज मिळणार.

पहिल्या गटाने चौथ्या दिवशीच खाणं टाकलं. मग दोन दिवस बरं खाल्लं, पुन्हा टाकलं. आलेख अगदी करवतीच्या दातांसारखा दिसतो. आता पंजांवरचे केस विरळ झालेत, तोंडाच्या कडेला खपल्या धरल्यात. एक पिल्लू पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसतं, समोर वाटी भरलेली असते. रोज सकाळी त्याचं वजन करताना जीव खालीवर होतो.

अडचण अशी की तिसऱ्या गटाचीही वाढ जवळजवळ थांबली आहे. दोन्ही गटांच्या वजनात फरक आहे, पण थोडासा. उंदराच्या वाढीला झिंक लागतं हे टॉड, एल्व्हेजेम आणि हार्ट या संशोधकांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात 1934 मध्येच दाखवलंय, ते मला पुन्हा सिद्ध करायचं नाही. पण परीक्षकांनी विचारलं की यातलं झिंकचं किती आणि उपासमारीचं किती, तर काय सांगू?

आणखी एक. पहिल्या गटातली दोन पिल्लं मजेत वाढताहेत. का, ते कळत नाही.

प्रतिसाद 1

तुमचा प्रयोग फसलेला नाही, आधी ते मनातून काढा. भूक मरणं हे झिंकच्या कमतरतेचंच लक्षण आहे. त्यामुळे वाढ खुंटण्याचा मोठा हिस्सा कमी खाण्यातूनच येतो. त्याला उपरा घटक समजून वजा करू नका. नुसत्या वजनाऐवजी खाल्लेल्या दर ग्रॅममागे वजन किती वाढलं ते काढा. मांडीच्या हाडातलं आणि प्लाझ्मातलं (रक्तातल्या द्रव भागातलं) झिंक मोजा. त्वचेच्या नोंदीही ठेवा, कारण तसल्या खपल्या पेअर-फेड गटात दिसणार नाहीत.

भूक का मरते, हा माझा आवडता भाग. शरीरात झिंकचा असा साठा नसतो की लागलं तसं काढलं. बहुतेक झिंक स्नायूंत आणि हाडांत अडकलेलं असतं. खाणं थांबलं की स्नायू झिजतात, त्यातलं झिंक मोकळं होतं आणि भूक थोडी परतते. तुमच्या करवतीच्या दातांचा अर्थ बहुतेक असाच लावतात. झिंक नसलेलं खाद्य नळीने पोटात घातलं तर उंदीर काही दिवसांतच गंभीर आजारी पडतात, म्हणजे न खाणं ही त्यांची ढालच म्हणायची. आयजीएफ-1 हे वाढीचं संप्रेरकही घटतं, पण ते बाहेरून देऊनही वाढ रुळावर आलेली नाही.

एक काळजी घ्या. पेअर-फेड उंदीर मिळालेलं सगळं थोड्या वेळात फस्त करतात आणि उरलेला दिवस उपाशी राहतात. पहिला गट मात्र दिवसभर थोडंथोडं कुरतडतो. म्हणून वाटा दोन-तीन वेळांत विभागून द्या.

प्रतिसाद 2

त्या दोन पिंजऱ्यांची जाळी बघितलीत का? गॅल्व्हनाइज्ड असेल तर वर झिंकचाच थर असतो आणि उंदीर तो कुरतडतात. बाटलीचं रबरी बूच, नळाचं पाणी, धूळ, सगळीकडून झिंक येतं. स्टेनलेस स्टील, आयनमुक्त पाणी आणि आम्लाने धुतलेल्या बाटल्या, यात तडजोड नको. तळालाही जाळी हवी, नाहीतर स्वतःची विष्ठा खाऊन गेलेलं झिंक परत मिळवतात.

मूळ प्रश्नकर्ती

आत्ताच बघून आले. पिंजरे धुताना त्या दोघांना जुनी झाकणं लागली होती, गॅल्व्हनाइज्ड. कडेला दातांच्या खुणा स्पष्ट दिसतात. महिनाभर रोज ती झाकणं मीच उघडत होते, याचं फार वाईट वाटतंय. ही दोन पिल्लं हिशेबातून काढते आणि का काढली ते प्रबंधात लिहिते. तिसऱ्या गटाचं खाद्य उद्यापासून तीन वेळांत देते.

शेवटचं विचारते. आठवड्याभरात पहिल्या गटाला झिंक परत सुरू करायचंय, त्या पोक काढून बसणाऱ्या पिल्लासाठी तर लवकरात लवकर. त्यांची भूक एक-दोन दिवसांत परत येईल. त्याच दिवशी तिसऱ्या गटालाही हवं तेवढं खायला सोडू, की जोड्या तशाच चालू ठेवू?