एलएनजीला ऊर्जा सुरक्षा म्हणायचं का? मुंबईकरांनी बोला

चेंबूरकर७२

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका जुन्या मित्राने परवा ठामपणे लिहिलं की भारताने अमेरिकेकडून एलएनजी (म्हणजे पातळ करून जहाजाने आणलेला नैसर्गिक वायू) भरपूर घ्यावा, टॅरिफचं म्हणजे अमेरिकेने आपल्या मालावर लावलेल्या आयात शुल्काचं भांडणही मिटेल, ऊर्जा सुरक्षाही पक्की होईल आणि कोळसा कमी झाल्यामुळे हवामानाचंही भलं होईल, म्हणजे एका दगडात तीन पक्षी. मी तिथे दोन ओळींत उत्तर दिलं पण मनाचं समाधान झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधीच सांगतो, मला कोळशाचं प्रेम नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रॉम्बेच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर ओलं फडकं फिरवलं तरी संध्याकाळी बोट फिरवा, काळं लागतं. बायकोला दर थंडीत खोकला धरतो तो होळीपर्यंत जात नाही. त्यामुळे कोळसा जावा असं मलाही मनापासून वाटतं.

पण एलएनजी म्हणजे काय हे तरी बघा. वायू उणे १६२ डिग्रीपर्यंत थंड करून पातळ करायचा, म्हणजे तो ६०० पट कमी जागेत मावतो, मग जहाजात भरून समुद्रातून आणायचा, गुजरातेत दहेजला किंवा हझीराला उतरवून परत त्याचा वायू करायचा आणि पाइपात सोडायचा. देशात लागणाऱ्या गॅसपैकी साधारण निम्मा असा बाहेरून येतो, त्यातही सगळ्यात जास्त कतारचा, आणि कतारचं प्रत्येक जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून निघतं. २०२४ मधे जगातल्या एलएनजीचा पाचवा हिस्सा त्या एका चिंचोळ्या वाटेने गेला. जून २०२५ मधे इस्रायल-इराण बारा दिवस लढले तेव्हा इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करायच्या बाजूने मत दिलं होतं. तेव्हा वाट बंद झाली नाही हे आपलं नशीब, पण नशिबाला सुरक्षा कशी म्हणायची?

किमतीचंही तेच. २०२० च्या लॉकडाऊनमधे आशियात स्पॉट एलएनजी (म्हणजे करार न करता त्या वेळच्या बाजारभावाने घेतलेला) एमएमबीटीयूला, म्हणजे दहा लाख बीटीयू उष्णतेच्या गॅसला, २ डॉलरच्या आसपास आला होता, आणि ऑगस्ट २०२२ मधे तोच ७० च्या घरात गेला. पैसेवाल्या युरोपने जहाजं वळवून घेतली, पाकिस्तानच्या टेंडरला कोणी बोलीच लावली नाही, बांगलादेशाने स्पॉट खरेदी थांबवली आणि तिथे लोक अंधारात बसले. ज्या वस्तूचा भाव दोन वर्षांत पस्तीसपट होतो तिच्या भरवशावर शहर चालवायचं?

माझं म्हणणं एवढंच की जिथे गॅसला पर्याय नाही तिथे जरूर वापरा, पण नवी टर्मिनलं आणि नवे वीस-वीस वर्षांचे करार करून त्याला हवामान धोरण म्हणू नका.

लोडडिस्पॅच

चेंबूरकर, मी आयुष्यभर ग्रिडवर काम केलंय, आता रिटायर आहे. तुमचा आकडा बरोबर आहे पण अर्धाच आहे. ७० डॉलर हा स्पॉटचा भाव, तो ज्याच्याकडे करार नाही त्याला पडतो. कतारशी आपला १९९९ चा करार आहे, वर्षाला ७५ लाख टनांचा, त्याचा भाव कच्च्या तेलाशी बांधलेला, म्हणून २०२२ मधे तो गॅस आपल्याला स्पॉटपेक्षा कितीतरी स्वस्त पडला. फेब्रुवारी २०२४ मधे तोच करार २०२८ ते २०४८ साठी वाढवला. म्हणजे तुम्ही ज्या वीस वर्षांच्या करारांना नको म्हणताय त्यांनीच आपल्याला वाचवलं. पाकिस्तानचं उदाहरण तुमच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे.

दुसरं, १२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि ऐन कोविडमधे हॉस्पिटलं जनरेटरवर आली. अशा वेळी शहर ग्रिडपासून तोडून स्वतःच्या विजेवर चालवायचं असतं, त्याला आयलंडिंग म्हणतात, त्या दिवशी ते टिकलं नाही. त्यासाठी शहराच्या आत आणि जवळ वीज तयार करणारी मशिनं लागतात. खोपोली १९१५ ची, मग भिवपुरी, भिरा, तिन्ही मिळून साडेचारशे मेगावॉटच्या आसपास, आणि शहराची मागणी चार हजारांच्या वर. उरलेलं कुठून आणणार? ट्रॉम्बेला कोळसा नको म्हणता, मग गॅसच राहतो. गॅस टर्बाइन मिनिटांत चालू होतं, कोळशाचा बॉयलर थंड असेल तर कित्येक तास जातात. सूर्याला फोन करून सांगता येत नाही की लोड आला, ये म्हणून.

गुहागरकरीण

गॅसची वीज म्हटलं की मुंबईचे लोक लगेच हो म्हणतात, पण ती कुठे तयार होणार हे विचारत नाहीत, म्हणून लिहिते. माहेर गुहागर, सध्या दादरला.

एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प आम्ही दारात बघितलाय. १९९५ ला युतीचं सरकार आलं, प्रकल्प रद्द, मग परत वाटाघाटी, मग परत सुरू. १९९९ ला पहिला टप्पा चालू झाला तो नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासूनच्या इंधनावर, आणि विजेचा दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला तेव्हा वीज मंडळाचं कंबरडं मोडलं. २००१ मधे सगळं बंद. माझे वडील तेव्हा म्हणायचे, जमीन गेली, खाडी गेली आणि दिवाही नाही लागला. पुढे सरकारी कंपनी आली, आता १,९६७ मेगावॉटचा प्रकल्प आहे, त्यातली बरीचशी मशिनं गॅसअभावी वर्षानुवर्षं बसून राहिली, रेल्वेने काही वीज घेतली म्हणून थोडी धुगधुगी.

आणि एलएनजीचं टर्मिनलही तिथेच आहे. लाटा अडवायची भिंत पूर्ण नव्हती म्हणून कितीतरी वर्षं पावसाळ्यात जहाजच लागत नव्हतं. कोकणातला पावसाळा चार महिन्यांचा. वर्षातले चार महिने ज्याचं दार बंद असायचं त्याला सुरक्षा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लोडडिस्पॅच काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण देशात वीस-पंचवीस हजार मेगावॉटची गॅस केंद्रं आहेत आणि त्यातली बहुतेक बसून असतात हे तुम्हालाही माहीत आहे. आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या केजी (कृष्णा-गोदावरी) बेसिनच्या गॅसच्या आशेवर बांधली, तो गॅस आटला आणि बाहेरचा परवडेना.

मीटरडाऊन

मी मुलुंडला रिक्षा चालवतो, धागा पूर्ण वाचला. तुम्ही सगळे करार आणि टर्मिनल बोलताय, मी पंपावरचं सांगतो. एप्रिल २०२२ ला राज्याने व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्के केला तेव्हा सीएनजी ६० रुपये किलो झाला, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. नोव्हेंबरपर्यंत तोच ८९.५०. मला दिवसाला चार किलो लागतो म्हणजे रोजचे ११८ रुपये जास्तीचे, महिन्याचे तीन हजार, पोराच्या क्लासची फी तेवढीच होती. भाडं २१ चं २३ व्हायला १ ऑक्टोबर उजाडला. लढाई युक्रेनमधे, खिसा माझा कापला.

पण म्हणून गॅस नको असं मी म्हणणार नाही. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवर माझ्या बापाने रिक्षा चालवलीय, रात्री घरी आला की नाक शिंकरल्यावर काळं यायचं. माझं येत नाही. हे सीएनजीमुळे झालं आणि ते कोणीतरी लिहायला पाहिजे.

चेंबूरकर७२

दादा, हे तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. सीएनजीने मुंबईची हवा सुधारली हे मी नाकारत नाही.

लोडडिस्पॅच साहेब, कराराचा मुद्दा मी मान्य करतो, कतारचा करार टिकला. पण दुसराही करार होता ना? ‘गेल’ या आपल्या सरकारी गॅस कंपनीने रशियाच्या गॅझप्रॉमच्या कंपनीशी २० वर्षांचा केला होता. २०२२ मधे जर्मन सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली आणि आपली जहाजं यायची थांबली, गेलला खत कारखान्यांचा गॅस कापावा लागला. कागद पक्का होता, गॅस आला नाही.

मिथेन_मोजा

पवईत शिकते, विषय हवामानाचाच आहे. मूळ पोस्टमधला तिसरा पक्षी कोणी हातातच घेतला नाही म्हणून लिहिते.

गॅस जाळला की कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायॉक्साइड होतो हे खरं, सगळी जाहिरात त्यावरच चालते. पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता सुटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायॉक्साइडच्या ८० पट तापवतो, शंभर वर्षांच्या हिशोबात साधारण ३० पट. विहिरीपासून पाइप, थंड करायचा कारखाना, जहाज, सगळीकडे थोडा थोडा सुटतो, शिवाय थंड करायला ऊर्जा लागते ती वेगळीच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट हॉवर्थ यांनी २०२४ मधे हिशोब मांडला की अमेरिकेतून निर्यात होणारा एलएनजी वीस वर्षांच्या मापाने कोळशापेक्षा ३३ टक्के जास्त वाईट ठरतो. म्हणजे ज्या अमेरिकन गॅसने हवामानाचं भलं होणार म्हणतात तोच सगळ्यात शंकास्पद.

युरोपने २०२४ मधे आयात गॅसच्या मिथेनची मोजणी मागणारा कायदा केला. आपण तर मिथेन कमी करायच्या जागतिक संकल्पावर सही पण केलेली नाही. निदान विकत घेताना विचारा तरी, वाटेत किती सांडलं!

लोडडिस्पॅच

ताई, हॉवर्थ यांच्या आकड्यांवर बऱ्याच शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतलेत, गळती किती धरायची आणि वीस वर्षं धरायची की शंभर यावर उत्तर बदलतं. आणि चेंबूरकरांच्या खिडकीतली राख, गंधक, पारा हे त्या हिशोबात येतच नाही. त्यांच्या घरच्यांच्या छातीत मिथेन जात नाही, कोळशाची धूळ जाते. हवामान आणि हवा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुंबईत माणसं आज हवेने आजारी आहेत.

मिथेन_मोजा

काका, हवेचं पूर्ण मान्य. पण मग पर्याय गॅस आणि कोळसा एवढेच का धरायचे? विजेचा हिशोब करून बघा. चांगल्या गॅस केंद्रात एक युनिट करायला साधारण ७ हजार बीटीयू लागतात. एलएनजी १२ डॉलरने आणि डॉलर ८५ रुपयाने धरला तर नुसतं इंधन युनिटला ७ रुपये, त्यावर टर्मिनल, पाइपलाइन, कर. आणि डिसेंबर २०२४ मधे सौर अधिक चार तासांची बॅटरी असं सरकारी टेंडर साडेतीन रुपयांच्या आसपास गेलं. मुंबईचा मे महिन्यातला पीक, म्हणजे विजेची सगळ्यात जास्त मागणी, दुपारी तीनच्या आसपास येतो, सगळ्या ऑफिसांचे एसी चालू असतात तेव्हा, आणि त्याच वेळी सूर्य डोक्यावर असतो. पाकिस्तानचं तुम्ही म्हणालात ना, तिथे लोकांनी गच्च्यांवर एवढी पॅनेलं बसवली की आता सरकारनेच कतारची काही जहाजं पुढे ढकलली. करार करून बसले आणि गॅस नको झाला, हाही धोकाच की.

लोडडिस्पॅच

तुमचा हिशोब मी कागदावर करून बघितला, बरोबर आहे. दुपारच्या पीकचंही मान्य. पण चार तासांची बॅटरी म्हणजे चार तासच. जुलैत चार दिवस सलग आभाळ भरलेलं असतं तेव्हा काय? साताऱ्याची पवनऊर्जा पावसाळ्यात जोरात असते हे मला माहीत आहे, पण ती मुंबईपर्यंत आणायला लाइन लागते. खारघर-विक्रोळीची ४०० केव्हीची लाइन एवढी गरजेची, तरी पूर्ण व्हायला २०२३ चं ऑक्टोबर उजाडलं. टॉवरला जागा नाही, कोर्ट, खारफुटी, सगळं आलं. अशा बाकीच्या लाइनी होईपर्यंत मी उरणचं ६७२ मेगावॉटचं गॅस केंद्र बंद करू देणार नाही.

थळकर

मी खत कारखान्यात होतो, थोडक्यात लिहितो. आपल्याकडे युरिया मुख्यतः गॅसपासूनच होतो, आणि देशात गॅसचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक खत कारखानेच आहेत. शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी २६६.५० ला मिळते, कारण वरचं सगळं सरकार भरतं. २०२२-२३ ला खताचं अनुदान अडीच लाख कोटींच्या वर गेलं ते मुख्यतः गॅसच्या आणि बाहेरच्या खताच्या भावाने. तुम्ही मुंबईत गॅस जाळून एसी चालवता तेव्हा तोच गॅस माझ्या विदर्भातल्या मेव्हण्याच्या कापसाला लागतो. आधी तिकडे द्या, मग उरला तर विजेला.

गुहागरकरीण

थळकर काकांशी शंभर टक्के सहमत. हा क्रम आधी ठरला असता तर आमच्याकडे एन्रॉन आलाच नसता.

चेंबूरकर७२

मीही माझं म्हणणं थोडं बदलतो. उरण राहू दे, ट्रॉम्बेचा १८० मेगावॉटचा गॅस युनिटही राहू दे, शहर अंधारात गेलं तर लागेल म्हणून. खताला गॅस द्या. कतारचा करार झालेला आहे तो पाळा. पण याच्यावर अमेरिकेचा टॅरिफ मिटवायला म्हणून अजून वीस वर्षांचा गॅस गळ्यात घालून घेणं मला पटत नाही. तो पैसा लाइनमधे आणि घाटातल्या पाणी वर चढवून वीज साठवायच्या प्रकल्पांत घाला, भिऱ्याला ते आधीपासून चालूच आहे.

लोडडिस्पॅच

इथे आपलं जमणार नाही. सगळे पर्याय हातात असल्याशिवाय मी एकही सोडणार नाही. एकट्या कतारवर अवलंबून राहू नका असं तुम्हीच होर्मुझ दाखवून सांगितलंत, मग दुसरा विकणारा अमेरिकाच आहे, २०२३ पासून जगात सगळ्यात जास्त एलएनजी तोच विकतो आणि त्याची जहाजं होर्मुझमधून येत नाहीत.

चेंबूरकर७२

होर्मुझमधून नाही, पण व्हाइट हाऊसमधून येतात. जानेवारी २०२४ ला बायडेन यांनी नव्या निर्यात परवान्यांना स्थगिती दिली, जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी ती उठवली. वर्षभरात दोनदा दिशा बदलली. त्या देशावर २०४५ पर्यंतचा भरवसा मी ठेवू शकत नाही.

मीटरडाऊन

साहेब लोक, माझा एक साधा प्रश्न. पुढच्या वर्षी माझ्या गाडीची वयोमर्यादा संपतेय, नवी घ्यायची आहे. चाळीत मीटर पहिल्या मजल्यावर, गाडी रस्त्यावर उभी असते, वायर टाकली तर शेजारी भांडतात, आणि बाहेरच्या चार्जिंगला तास-दीड तास गेला तर संध्याकाळचा धंदा बुडतो. पंपावर लाइन असते पण वीस मिनिटांत टाकी भरते. सीएनजी घेऊ की इलेक्ट्रिक?

लोडडिस्पॅच

आज विचारलंत तर सीएनजीच घ्या.

चेंबूरकर७२

दादा, एवढं सगळं लिहून मलाही आज तेच सांगावं लागतंय आणि त्याचा त्रास होतोय, कारण ही गाडी तुम्ही पंधरा वर्षं चालवणार. चाळीजवळ रिक्षांसाठी रात्रीचं चार्जिंग मिळावं म्हणून वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यायचा असेल तर मी लिहून देतो, सह्या तुम्ही तुमच्या स्टँडवरच्या लोकांच्या घ्या. रविवारी सकाळी मुलुंड स्टेशनला येऊ शकतो.

मीटरडाऊन

या. पश्चिमेला, दहाच्या आधी. स्टँडवर त्या वेळेला पंधरा-वीस जण तरी असतात.