वाचून दाखवणारे, लिहून देणारे, सोबत चालणारे: अंध मित्रमैत्रिणींबरोबरचे अनुभव

दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतून एकच निरोप फिरायला लागतो: लेखनिक हवेत, म्हणजे परीक्षेत अंध विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारे. वर्षभर तिथे वाढदिवसाची जेवणं होतात, कुणाच्या स्मरणार्थ गोडधोड वाढलं जातं, थंडीत ब्लँकेटं येतात. देणाऱ्यांच्या मनात काही खोट नसते. पण मुलांना विचारलं तर ती स्पष्ट सांगतात, जिलेबी पुष्कळ झाली, कुणीतरी येऊन अर्थशास्त्राचं पुस्तक वाचून दाखवा. मी अशा एका वसतिगृहात बरीच वर्षं वाचक म्हणून जातो. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी न चुकता येणारा माणूस तिथे सगळ्यात कमी मिळतो, असं माझं आता पक्कं मत झालंय.

म्हणून हा धागा. वाचलं असेल, लिहिलं असेल, सोबत चालला असाल, खेळला असाल, तर लिहा. अंध वाचकांनी तर आवर्जून लिहा, कारण मदत कशी करावी आणि कशी करू नये हे तुमच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगणार नाही. मोठ्या कामाचं कौतुक नको, रोजच्या बारीकसारीक गोष्टी हव्यात.

नाशिक, बारावीची विद्यार्थिनी

गेल्या वर्षी अकरावीत असताना मी बारावीच्या एका दादाची लेखनिक होते. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. वर्गातल्या काही जणांना वाटतं, चैन आहे! तो तास कसा जातो ते सांगते. आधी पूर्ण प्रश्नपत्रिका गुणांसकट वाचून दाखवायची. मग कुठला प्रश्न आधी घ्यायचा ते दादा ठरवणार. तो सांगणार, मी लिहिणार, परिच्छेद संपला की मी परत वाचणार, मग तो म्हणणार, "दुसऱ्या वाक्यातला 'आणि' काढ, तिथे पूर्णविराम दे." डोळ्यांनी लिहिणारा मागचं उत्तर एका नजरेत तपासतो. इथे प्रत्येक वेळी ते ऐकावं लागतं.

सगळ्यात अवघड भाग मात्र चार पर्यायांच्या प्रश्नांचा. मला उत्तर माहीत असलं की आवाज नकळत त्या शब्दावर रेंगाळतो. ते बरोबर नाही, त्याच्या मेहनतीवर तो अन्याय आहे. म्हणून आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन सराव केला. मी चारही पर्याय वाचायचे आणि दादानं फक्त माझ्या आवाजावरून उत्तर ओळखायचं. त्याला ओळखता येईना, तेव्हाच आम्ही थांबलो.

अडचण एवढीच की खालच्या वर्गांच्या परीक्षाही त्याच सुमाराला असतात. कितीतरी मुलांना लेखनिक आदल्या दिवशी मिळतो आणि पहिली भेट थेट परीक्षा केंद्रावर होते. तेवढ्यात आवाजाची ओळखसुद्धा होत नाही. ज्यांना जमेल त्यांनी दिवाळीनंतरच नाव द्यावं, ही विनंती.

सांगली, बँकेतून निवृत्त

मी घरबसल्या काम करते, त्याबद्दल लिहिते. मराठी पुस्तकं स्कॅन करून संगणकाकडून त्यांचा मजकूर काढला जातो आणि तो मी तपासते. मग ते पुस्तक एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वाचू शकतो किंवा त्यावरून ब्रेल प्रत काढता येते. नुसत्या स्कॅन केलेल्या पानाचा काही उपयोग नसतो, स्क्रीन रीडरला ते पान म्हणजे एक चित्र. जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या फाइली तर आणखी त्रासाच्या. आपल्याला पडद्यावर छान मराठी दिसतं आणि कानाला इंग्रजी अक्षरांचा खिचडा ऐकू येतो.

या मजकुरात 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो, रफार गळतो. गंमत अशी की डोळ्यांनी वाचताना या चुका निसटतात, कारण मन आपोआप योग्य शब्द भरून घेतं. "तो धरी आला" हे आपण "घरी आला" असंच वाचून पुढे जातो. ऐकणाऱ्याला मात्र 'धरी'च ऐकू येतं. म्हणून मी आता शेवटचं वाचन डोळे मिटून करते, म्हणजे मशीनकडून वाचून घेते आणि जिथे अडखळायला होईल तिथे थांबते. प्रकरणांची नावं शीर्षक म्हणून खूण करून ठेवायची, म्हणजे ऐकणाऱ्याला थेट सातव्या प्रकरणावर उडी मारता येते. तक्ता असला तर प्रत्येक आकडा कुठल्या स्तंभातला ते कळेल असं लिहायचं.

बरेच जण विचारतात, हे कायदेशीर आहे का? आहे. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी अशी प्रत करायला मुभा मिळाली. त्यानंतरचा माराकेश हा आंतरराष्ट्रीय करारही याच विषयावरचा, आणि 2014 मध्ये त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश. 2016 मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झालं, तिथे अशी पुस्तकं एकत्र मिळतात. मराठी पुस्तकं मात्र अजून फारच हवी आहेत. ज्यांचं शुद्धलेखन चांगलं आहे आणि दुपारचा वेळ मोकळा आहे, अशा निवृत्त मंडळींनी हे काम जरूर घ्यावं.

ठाणे, जन्मांध, बँकेत नोकरी

धागाकर्त्यांनी विचारलंच आहे, तर मोकळेपणी लिहिते.

रस्ता ओलांडायला मदत करायची असेल तर आधी बोला. "ताई, पलीकडे जायचंय का?" एवढं पुरे. हो म्हटलं तर तुमचं कोपर माझ्या हाताला लागू द्या. मी ते धरीन आणि अर्धं पाऊल मागे चालेन. तुमचं अंग वळलं, थांबलं, पायरी उतरलं, की मला कोपरातून कळतं. माझा दंड धरून पुढे ढकललंत किंवा काठी धरून ओढलंत तर मला पुढचं काहीच कळत नाही, आणि काठी म्हणजे तर माझी जमीन तपासायची बोटं आहेत. "इथे", "तिथे", "त्या बाजूला" म्हणू नका. "डाव्या हाताला दोन पावलांवर खुर्ची आहे" म्हणा आणि माझा हात खुर्चीच्या पाठीला लावून द्या, बसायचं मी बघते. निघून जाताना "मी निघतोय" सांगा. नाहीतर माणूस गेल्यावरही मी त्याच्याशी बोलत राहते आणि आजूबाजूचे हसतात.

नोटांबद्दल. हल्लीच्या 100, 200 आणि 500 च्या नोटांची रुंदी सारखीच, 66 मिलिमीटर. लांबी 142, 146 आणि 150. चार मिलिमीटरचा फरक, तोही मळक्या, दुमडलेल्या नोटेत, गर्दीत उभं राहून ओळखायचा! रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखून सांगणारं 'मनी' ॲप आहे, पण भाजीवाल्यासमोर प्रत्येक नोट फोनपुढे कुठे धरत बसणार? मी पाचशेची मधोमध घडी करते, दोनशेची आडवी, शंभरची तशीच ठेवते. सुटे परत देताना "हे दोनशे, हे शंभर" असं म्हणून एकेक नोट हातात देणारा दुकानदार मला फार मोलाचा वाटतो.

आणि एक सुखाची गोष्ट. जुन्या पद्धतीच्या पंगतीत मला कुणालाही काही विचारावं लागत नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, वाढणं नेमानं झालं की हात बरोबर जातो. बुफेमध्ये मात्र ताट कुणी भरलं आणि काय कुठे ठेवलं याचा पत्ता नसतो. लग्नघरी अंध पाहुणा असेल तर नेहमीच्या क्रमानं वाढलेलं एक ताट हातात द्या आणि काय काय आहे ते सांगा.

पुणे, गिर्यारोहक

ठाण्याच्या ताईंनी कोपराचं लिहिलंय ते सपाट रस्त्यावर उत्तम. डोंगरातल्या पायवाटेवर दोघं शेजारी मावत नाहीत, तिथे मागचा पुढच्याच्या सॅकचा पट्टा धरतो. आमचा गट पावसाळ्यानंतर अंध मित्रांबरोबर लोणावळ्याच्या बाजूनं राजमाचीला जातो. वाट लांब आहे पण चढ सौम्य, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्यांनाही जमते.

जोड्या आदल्या आठवड्यात ठरवतो आणि त्या जोडीनं शहरातच एखाद्या टेकडीवर चालून यायचं, हा नियम. दोघांची उंची जुळलेली बरी. बोलण्याची भाषाही आधीच ठरवायची. "सांभाळून" हा शब्द आमच्याकडे बाद आहे, कारण त्यातून काहीच कळत नाही, उलट माणूस जागीच थिजतो. त्याऐवजी: "पुढे खाली पायरी, गुडघ्याएवढी, उजवा पाय आधी." "डोक्याशी फांदी, वाक." "डाव्या बाजूला उतार, उजवीकडे सरक." दिवसभर असं बोलून घसा बसतो. पण मागचा मित्र दगडावरून ज्या विश्वासानं पाऊल टाकतो ना, ते बघून मला दरवेळी भरून येतं.

वर पोहोचल्यावर नवखे स्वयंसेवक गप्प होतात, दृश्याचं काय सांगायचं कळत नाही. सांगायचं! अगदी सविस्तर सांगायचं. समोर मनरंजन, मागे श्रीवर्धन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले, मध्ये उधेवाडी गावाची कौलं, ढग कुठून कुठे चाललाय. आमच्यातले काही जण मोठेपणी अंध झालेत, त्यांना रंगांची आस असते. जन्मांध मित्र वेगळंच विचारतात, दरी किती खोल? मग एखादा हाक मारतो, ती परत येते तोवर थांबतो आणि पलीकडच्या कड्याबद्दल तो आम्हालाच काही सांगतो. बुरुजाच्या दगडांचे सांधे हातांनी चाचपत एक मित्र बराच वेळ उभा होता. चुना कुठे आहे आणि नुसताच दगडावर दगड कुठे बसवलाय, हे त्यानं मला दाखवून दिलं.

कोल्हापूर

छोटंसंच लिहितो. आमच्या सोसायटीत एक अंध सर राहतात. पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद, सगळ्या सूचना ग्रुपवर फळ्याचा फोटो काढून टाकल्या जायच्या. आता फोटोखाली तोच मजकूर टाइप करतो. याला अर्धा मिनिट लागतो. पुढच्या निवडणुकीला सरांनी चिटणीसपद घ्यावं असा आमचा आग्रह आहे, कारण हिशेबात त्यांच्याइतकं चोख कुणी नाही.

लातूर जिल्हा, एका मुलाची आई

माझ्या मुलाला थोडं दिसतं. पूर्ण अंध नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. "दिसतं की याला, नाटक करतो," हे आम्ही फार ऐकलंय. आधीच्या शाळेत खेळाच्या तासाला त्याला वर्गात बसवून ठेवायचे, दप्तरं राखायला.

आताच्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाई फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं बोलतात. बस्, एवढंच. त्याचा फायदा मागच्या बाकावरच्या मुलांनाही होतो. त्याची जागा पहिल्या रांगेत, खिडकीकडे पाठ करून, म्हणजे उजेड डोळ्यांवर येत नाही. वही जाड काळ्या रेघांची. आणि खेळाचं तर मुलांनीच शोधून काढलं. चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली, आता तो घरंगळला की खसखस आवाज येतो. बॅटिंगला हा उभा राहिला की कुणी ओरडायचं नाही, हा नियम मुलांनी मुलांसाठी केलाय. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात आणि तो खालून टाकतात, हे मी त्याला सांगितलं. आता तोच चेंडू हवा म्हणून रोज हट्ट चाललाय.

बीड जिल्हा, ब्रेलचा वाचक

स्वागत थोरात यांनी 2008 मध्ये 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक मराठीत सुरू केलं, तेव्हाचा आनंद अजून आठवतो. बातमी स्वतःच्या बोटांनी, स्वतःच्या वेगानं, वाटेल तेव्हा परत मागे जाऊन वाचायची! ब्रेल मजकुराला टपालखर्च लागत नाही, त्यामुळे खेड्यातही अंक येतो. फोन बोलतो म्हणून ब्रेलची गरज संपली असं म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नुसतं ऐकून शुद्धलेखन येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ बोटांखालूनच जावं लागतं. स्वयंसेवकांना वेळ असेल तर ब्रेल शिका. सहा टिंबांचा खेळ आहे, डोळस माणसाला पाटी आणि सळई हातात घेऊन थोड्या आठवड्यांत मुळाक्षरं येतात. लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटला की डावीकडून वाचायचं, एवढंच सुरुवातीला गोंधळाचं वाटतं.

मुंबई, बुद्धिबळाचा पंच

डोळस आणि अंध एकाच पटलावर नव्हे, पण एकाच डावात समोरासमोर बसतात, असा हा खेळ. अंध खेळाडूचा स्वतःचा पट असतो: काळी घरं थोडी उंच, प्रत्येक घराला भोक, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक. चाल मोठ्यानं सांगायची आणि दोघांनी आपापल्या पटावर करायची. हात लावला की खेळावं लागतं हा नियम इथे तसा लावत नाहीत, कारण बोटं फिरवल्याशिवाय पट दिसणारच नाही. मोहरा भोकातून उचलला, तर तो खेळायचा. चारुदत्त जाधव यांनी अंधांच्या बुद्धिबळासाठी देशभर संघटना बांधली, त्यातून किती मुलं पुढे आली! तुमच्या तालुक्याच्या खुल्या स्पर्धेत असा एक पट ठेवा. खेळाडू येतील.

सोलापूर, काचबिंदूमुळे दृष्टी गेलेला

वरचे बहुतेक अनुभव डोळसांनी अंधांना केलेल्या मदतीचे आहेत. मी दुसरी बाजू लिहितो, कारण मी स्वतः स्वयंसेवक आहे. पन्नाशीनंतर ज्यांची दृष्टी काचबिंदूनं किंवा मधुमेहानं गेली, अशांना मी फोन शिकवतो. काचबिंदूनं गेलेली दृष्टी परत येत नाही. घरचे लोक प्रेमानं सगळं हातात देतात आणि माणूस खाटेवरून उठेनासा होतो.

पहिला धडा टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधली पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय. आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची. मग एका बोटानं चाचपायचं, हवं ते ऐकू आलं की दोनदा टकटक. वयस्कर माणसं सुरुवातीला चिडतात, कारण बोलण्याचा वेग फार असतो, म्हणून आधी तो कमी करून द्यावा लागतो. त्यांना शिकवायला अंध माणूसच बरा पडतो असा माझा अनुभव आहे. "तुम्हाला दिसत नाही, तरी जमतं?" हा प्रश्न ते मला एकदाच विचारतात आणि मग कामाला लागतात. परवा एका काकांनी पहिल्यांदा स्वतः मेसेज बोलून पाठवला. मुलाला नव्हे, गावाकडच्या मित्राला, सोयाबीनचा भाव विचारायला.

डोळसांकडून आम्हाला एक मदत लागते: कॅप्चा, पासवर्ड, केवायसीचे फोटो. तिथे आमचं अडतं. रविवारी सकाळी दोन तास शांतपणे बसणारा, फोन हातातून काढून न घेता शेजारी बसून फक्त पडद्यावर काय आहे ते सांगणारा कुणी सोलापुरात असेल, तर इथे खाली लिहा.