वाइपआउट ओमेगा: फँटमला आलं की भिंतच भिंत. चुकतंय नक्की कुठे?

कर्वेपुतळा_स्टॉप

पीएस४ स्लिम, ४३ इंची टीव्ही एचडीएमआयवर, कंट्रोलर ब्लूटूथवर. गेम वाइपआउट ओमेगा कलेक्शन (तरंगत्या शिपची शर्यत), शिप फायसार, पायलट असिस्ट चालू. व्हेनम, फ्लॅश, रेपियर या तिन्ही वर्गांत सोनं मिळतं. सगळ्यात वेगवान वर्ग फँटम, त्यात मात्र पहिल्या लॅपमध्येच निम्मी शील्ड भिंतीला घासून जाते आणि तिसऱ्या लॅपला शिप फुटते. ट्रॅकपैकी विनेटा के कसाबसा निभतो, सेबेंको क्लाइंब अजिबात नाही.

१) एअरब्रेक नक्की कधी दाबायचा, कधी सोडायचा?
२) शस्त्र मारायचं की गिळायचं?
३) शिप बदलू का?

"प्रॅक्टिस करा" हे उत्तर माहीत आहे, ते सोडून सांगा.

---

बिनब्रेकचा_बाळू

तिसऱ्याचं उत्तर आधी: शिप बदलू नका. फायसारचा टॉप स्पीड कमी असला तरी वळण्यात ती सगळ्यात सोशिक. इथे फायसार घासत असेल तर पिरान्हा किंवा इकारस घेऊन फक्त भिंत लवकर येईल.

पायलट असिस्ट आत्ताच्या आत्ता बंद करा. भिंत जवळ आली की ते शिपला भिंतीपासून दूर ढकलतं. व्हेनमला ते उपकारक आहे. फँटमला तुम्ही वळणाची आतली कड धरायला जाता, तेव्हा नेमकं तेच तुम्हाला बाहेर लोटतं. मग तुम्ही जास्त वळवता आणि समोरच्या भिंतीला टेकता. बंद केल्यावर पहिले दोन दिवस आणखी घासेल, घासू दे.

आता एअरब्रेक. नावात ब्रेक आहे म्हणून लोक तो ब्रेकसारखा वापरतात, तिथेच घोळ होतो. एल२ म्हणजे डावा फ्लॅप, आर२ म्हणजे उजवा. एकच दाबला तर वेग थोडा पडतो, पण नाक झपकन त्या बाजूला फिरतं. दोन्ही दाबले तरच तो खरा ब्रेक. त्यामुळे क्रम असा:

वळण दिसायच्या आधी स्टिक त्या बाजूला हलकी कलवा. वळणाच्या तोंडाशी त्याच बाजूचा ट्रिगर अर्धा दाबा. ट्रिगर अ‍ॅनालॉग आहेत, प्रत्येक वेळी तळापर्यंत खुपसायची गरज नसते. नाक वळणाच्या आतल्या टोकाकडे आलं की ट्रिगर *लगेच* सोडा, वळण संपायची वाट बघू नका. सोडल्यावरही शिपची शेपटी थोडा वेळ बाहेर घसरत राहते, त्या घसरण्यातच उरलेलं वळण होतं. तुम्ही वळण संपेपर्यंत दाबून धरत असणार. मग शिप गरजेपेक्षा जास्त फिरते आणि बाहेर पडताना आतल्या भिंतीला नाक लागतं. घासल्याच्या खुणा आतल्या बाजूला की बाहेरच्या, ते एकदा बघा. बाहेरच्या असतील तर ट्रिगर उशिरा दाबताय, आतल्या असतील तर उशिरा सोडताय.

एक्स (वेग देणारं बटण) सोडावा का? रेपियरपर्यंत जवळपास कधीच नाही. फँटमला अगदी आवळ वळणावर क्षणभर सोडला तर भिंतीला लागण्यापेक्षा तोटा कमी. कात्रजच्या जुन्या घाटात गाडी चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

साइडशिफ्ट वापरता का? एल२ किंवा आर२ दोनदा पटकन टिचकवला की शिप न वळता बाजूला सरकते. सेबेंकोसारख्या नागमोडी ट्रॅकवर एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना हेच लागतं. नाक फिरवत बसलात तर दुसरं वळण हातातून गेलंच.

---

टापकीरगल्ली_रिटर्न

बाळूचं सगळं बरोबर, पण त्याआधी लॅग, म्हणजे चित्र उशिरा दिसणं, तपासा. साधा हिशोब: मीटरवर ताशी ७२० किमी दिसत असेल तर सेकंदाला २०० मीटर. गेम ६० फ्रेमवर चालतो, म्हणजे एका फ्रेममध्ये सव्वातीन मीटरहून थोडं जास्त. टीव्हीने चित्र १०० मिलिसेकंद उशिरा दाखवलं, तर तुम्हाला जे दिसतंय त्याच्या २० मीटर पुढे शिप पोचलेली असते. रेपियरला हे खपून जातं, फँटमला नाही. "रेपियरला सोनं, फँटमला राख" असं झालं की माझा पहिला संशय टीव्हीवर.

टीव्हीवर गेम मोड चालू करा आणि हालचाल गुळगुळीत करणारा जो काही पर्याय असेल तो बंद करा. तोच सगळ्यात जास्त उशीर लावतो, कारण मधली फ्रेम बनवायला त्याला पुढची फ्रेम हातात लागते. काही टीव्हींवर गेम मोड प्रत्येक एचडीएमआयला वेगळा लावावा लागतो. सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टवर लावून पीएस४च्या पोर्टवर विसरणारे खूप.

कंट्रोलर: टचपॅडच्या वरच्या कडेला उजेडाची बारीक रेघ दिसते का? दिसत असेल तर तो नवा मॉडेल, यूएसबीवरून डेटा पाठवतो. सेटिंग्ज, डिव्हायसेस, कंट्रोलर्स, कम्युनिकेशन मेथड इथे यूएसबी केबल निवडा. रेघ नसेल तर तो जुना, केबल लावून फक्त चार्ज होईल. आणि मायक्रो यूएसबी केबल डेटावाली घ्या. स्वस्तातल्या बऱ्याच केबलींत डेटाच्या तारा नसतातच. दुकानात "फोन कॉम्प्युटरला जोडल्यावर फोटो दिसतात का" एवढं विचारलं की पुरे.

तिसरी गोष्ट ड्रिफ्ट, म्हणजे हात न लावता स्टिक ओढणं. टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्ध) लावा, सरळ पट्ट्यात अंगठा स्टिकवरून पूर्ण उचला. शिप एका बाजूला ओढली गेली तर स्टिक गेलीय. खात्रीसाठी तोच लॅप डी-पॅडवर, म्हणजे बाणांच्या बटणांवर मारा. डी-पॅडवर घासणं थांबलं तर दोष तुमचा नाही.

---

कर्वेपुतळा_स्टॉप

गेम मोड बंदच होता, लावला. कंट्रोलरला रेघ आहे. टाइम ट्रायलमध्ये शिप डावीकडे हळू ओढते, डी-पॅडवर सरळ जाते. म्हणजे स्टिक बदलायची? घरी जमेल का?

---

टापकीरगल्ली_रिटर्न

आधी साफ करा. मागचे चार फिलिप्स स्क्रू काढा, झाकण हळू उघडा. दोन्ही अर्ध्यांना जोडणारी रिबन असते, ती हिसकली की कंट्रोलर गेला. बॅटरीचा कनेक्टर आधी काढा. स्टिकच्या बाजूला दोन छोट्या चौकोनी डब्या दिसतील, ते पोटेंशियोमीटर, स्टिक किती कलली ते मोजणारे. त्यांच्या फटीत ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एखाद-दोन थेंब, स्टिक सगळीकडे फिरवा, पूर्ण सुकू द्या. कचरा असेल तर एवढ्यात भागतं. आतला कार्बनचा पट्टा झिजला असेल तर आठवड्यात पुन्हा तेच.

मग मॉड्यूल बदलणं. एका स्टिकला सोल्डरचे १४ टाके. सोल्डरिंग येत नसेल तर हात घालू नका, बोर्डावरचे पॅड उखडतात. पुण्यात टापकीर गल्लीत करून मिळतं, पण जाताना दोन गोष्टी पक्क्या करा: मॉड्यूल हॉल इफेक्टवालं आहे का (त्यात घासणारा भाग नसतो), आणि बदलल्यावर मध्य कॅलिब्रेट करून देणार का. कंट्रोलरमध्ये साठवलेलं कॅलिब्रेशन जुन्या मॉड्यूलचं असतं. ते न बदलता नवं बसवलं तर नवी कोरी स्टिकसुद्धा ओढते, आणि मग "माल खराब निघाला" म्हणून भांडण.

तोवर डी-पॅडवर खेळा. कमीपणा नाही, मालिका १९९५ साली आली तेव्हा पहिल्या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला स्टिकच नव्हती.

---

सदाशिव_३०

आणि त्या पहिल्या भागात भिंतीला लागलं की शिप जागेवर उभी राहायची. १९९६च्या 'वाइपआउट २०९७' या पुढच्या भागात ती घासत पुढे जाऊ लागली, पण त्याच भागात शिप फुटायलाही लागली. आजच्यांच्या तक्रारी त्यामानाने लाडाच्या. असो.

दुसरा प्रश्न कोणी घेतलाच नाही. चौकोन दाबला की शस्त्र सुटतं, गोल दाबला की ते गिळून शील्ड वाढते. फँटमला शील्ड हेच तुमचं पेट्रोल, असं धरून चाला. निम्म्याच्या खाली गेलात की क्वेक किंवा प्लाझ्मासारखं मोठं शस्त्र आलं तरी गिळा, त्यातून रॉकेट-माइनपेक्षा जास्त परत मिळतं. प्लाझ्मा सुटायला क्षणभर लागतो आणि ते नाकाच्या रेषेत सरळ जातं, त्यामुळे वळणांच्या ट्रॅकवर मारून हाती काही लागत नाही. शिप आपोआप चालवणारं ऑटोपायलट मात्र गिळू नका. ज्या वळणावर नेहमी मरता तिथपर्यंत सांभाळून न्या. टर्बो लांब सरळ पट्ट्याच्या *सुरुवातीला*, शेवटी नाही.

बॅरल रोलचा मोह आवरा. हवेत असताना डावी-उजवी-डावी अशी पटकन स्टिक मारली की शिप गिरकी घेते, उतरताना धक्का मिळतो, पण त्याची किंमत शील्डमधून जाते. उडी संपताच वळण असेल तर तो धक्का थेट भिंतीत नेतो. चुंबकी पट्ट्यावर शिप जमीन सोडत नाही, तिथे प्रयत्नच नको.

वेगाच्या पट्ट्यांचंही तेच. पट्टी गाठायला नाक भिंतीकडे न्यावं लागत असेल तर ती सोडून द्या.

---

बिनब्रेकचा_बाळू

सदाशिवराव, लाडाच्या तक्रारी म्हणता, पण मुद्दा बरोबर आहे.

स्टिक दुरुस्त होईपर्यंत झोन मोड खेळा. त्यात थ्रस्ट आपोआप असतो, शस्त्रं नाहीत, हातात फक्त दिशा आणि एअरब्रेक. वेग झोनगणिक वाढतो आणि एखादा झोन न घासता पार केला की थोडी शील्ड परत मिळते. नेहमीच्या शर्यतीत घासल्याचा तोटा टर्बो आणि शस्त्रांच्या गर्दीत लपतो, इथे लगेच दिसतो. आधी विनेटा के घ्या, सेबेंको नंतर. फँटमच्या वेगाला पोचल्यावर सलग पाच झोन परफेक्ट निघाले की मग शर्यतीला या.

---

कर्वेपुतळा_स्टॉप

अल्कोहोल टाकलं, ओढणं कमी झालंय, पूर्ण गेलं नाही. असिस्ट बंद. घासल्याच्या खुणा आतल्या बाजूला निघाल्या, म्हणजे ट्रिगर उशिराच सोडत होतो. डी-पॅडवर 'विनेटा के' ट्रॅकला फँटममध्ये चौथा आलो, शिप फुटली नाही. हॉल इफेक्ट मॉड्यूलचं शनिवारी बघतो. एकच राहिलं: डी-पॅडवर हलकी स्टिक कशी कलवायची? तो तर पूर्ण दाबला जातो.

---

टापकीरगल्ली_रिटर्न

टिचक्या मारा. दाबून धरू नका, वळणाआधी दोन-तीन छोट्या टिचक्या, बाकीचं ट्रिगरवर सोडा.